नाव सांगा, आजार नको

निवृत्तीनंतर मी एका कॅथलिक शाळेत आठवड्यातून एक तास घेते. वेळापत्रकात त्याचं नाव ‘मूल्यशिक्षण’. सिस्टरांनी मला बोलावलं तेव्हा त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. मुलांना आरोग्याचं थोडंफार कळावं आणि आजारी माणसासाठी प्रार्थना करायची सवय लागावी. माझी सगळी नोकरी आरोग्य खात्यात गेलेली आणि मी जन्माने कॅथलिक, तेव्हा दोन्ही कामांना एकच बाई पुरेल असा त्यांचा हिशेब. मी राहते यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला. शाळा जिल्ह्यातलीच आहे, पण तिचं नाव लिहीत नाही, आणि मुलांच्या गोष्टींतले तपशीलही इकडचे तिकडे केले आहेत. कोणाच्या घरी कोणता आजार आहे हे गावभर होऊ नये, हाच या लिखाणाचा अर्धा विषय आहे.

नोकरीत असताना मी शाळाशाळांतून पुष्कळ हिंडले. जंताच्या गोळ्या, मुलींना लोहाच्या निळ्या गोळ्या, हात धुण्याच्या पायऱ्या. तक्ता टांगायचा, पट्टीने दाखवायचं, मुलांनी एका सुरात म्हणायचं. महिन्याभराने परत गेलं की तक्ता भिंतीवर असायचा आणि नळावर साबण नसायचा. त्यामुळे या तासाकडूनही मी फार आशा धरली नव्हती. आधी आरोग्याचा धडा, शेवटची दोन मिनिटं डोळे मिटून प्रार्थना, मग घंटा, असं मनात धरून गेले. झालं उलटंच. त्या शेवटच्या दोन मिनिटांनी आधीचा सगळा तास गिळून टाकला. मुलं ज्यांच्यासाठी प्रार्थना मागू लागली, त्या माणसांनीच माझा अभ्यासक्रम ठरवला. तक्ता कपाटातच राहिला.

कॅथलिक शाळा म्हटली की लोकांना वाटतं, वर्गभर ख्रिस्ती मुलं असतील. आमच्याकडे तसं नाही. यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरहून वेगळा झाला. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ एवढा त्याचा पसारा, आणि त्यात कॅथलिक माणूस अगदी विरळा. वर्गात कुणब्यांची, तेल्यांची, बंजाऱ्यांची, गोंडांची, बौद्धांची, मुसलमानांची पोरं बसतात, कॅथलिक दोनचार. त्यामुळे प्रार्थना हा शब्द काढला की पहिला प्रश्न मुलांचा नसतो, पालकांचा असतो. एका वडिलांनी फाटकातच विचारलं, ‘‘मॅडम, तुमी पोरायले येशूची प्रार्थना शिकवता का?’’ विचारणं रास्त होतं. संविधानाच्या अठ्ठाविसाव्या कलमात स्पष्ट आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत, मूल अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही २०२४ साली आपल्या शाळांना कळवलं की परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचा आणि दुसऱ्या धर्माच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका. मी त्या वडिलांना एवढंच सांगितलं की कॅथलिक मुलांचं धर्मशिक्षण वेगळं होतं, वेगळ्या वेळी. माझ्या तासाला मुलं आजारी माणसाचं नाव घेतात, आणि मग आपापल्या घरी जसं करतात तसं करतात. कोणी हात जोडतं, कोणी ओंजळ उघडी धरतं, कोणी नुसतंच खिडकीबाहेर बघतं. खिडकीबाहेर बघणाऱ्याला मी काही म्हणत नाही.

विदर्भात एकत्र बसून प्रार्थना करणं ही काही मिशनऱ्यांनी आणलेली गोष्ट नव्हे. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना इथल्या खेड्याखेड्यांत होते. आणि आजाऱ्याची सेवा ही देवाचीच सेवा, हे तर प्रत्येक पोराच्या घरात कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच. मी मत्तयच्या शुभवर्तमानातला शेवटच्या न्यायाचा प्रसंग सांगितला. त्यात ख्रिस्त म्हणतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात, आणि ऐकणाऱ्यांना आठवतच नाही की आपण कधी गेलो होतो. तेव्हा एक बौद्ध मुलगा उठून म्हणाला, आमच्यात पण आहे. विहारात ऐकलेली गोष्ट त्याने सांगितली. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला, कोणी जवळ जात नव्हतं. बुद्धाने आणि आनंदाने त्याला स्वतः धुतलं, आणि बुद्धाने बाकीच्यांना सांगितलं की माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा. एका मुस्लिम मुलीने सांगितलं की आजाऱ्याला भेटायला जाणं तिच्या घरी फर्ज मानतात. मला वेगळं काही शिकवायची गरजच उरली नाही. गाडगेबाबा तेवढे मी जोडले. नवसाच्या बोकडावर सडकून बोलणारा आणि धर्मशाळा बांधणारा हा माणूस अमरावती जिल्ह्यातलाच, आणि मुलांना त्यांचा खराटा माहीत होता.

सुरुवातीच्या विनंत्या साध्या होत्या. आजीची शुगर, मामाचा ॲक्सिडेंट, एकाची म्हैस लंगडत होती. म्हैसही धरली. पण पाऊस लागला, डवरणी-निंदण सुरू झालं, आणि विनंत्यांचा रंग बदलला.

‘‘मॅडम, माह्या मोठ्या बाबाले पान लागलं.’’

पान लागलं, म्हणजे साप चावला. मी विचारलं, कुठे नेलं?

‘‘आधी देवळात, मंग बुवाकडे, मंग दवाखान्यात.’’

हा क्रम मी सगळ्या नोकरीत ऐकला होता. फरक एवढाच, की आता तो पोराच्या तोंडून, भर वर्गात, प्रार्थनेच्या आधी आला होता. त्या दिवशी प्रार्थना मागे राहिली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार साप फळ्यावर लिहिले. आपल्याकडे सापाच्या विषावर जे इंजेक्शन मिळतं ते या चौघांसाठीच केलेलं असतं. घोड्याच्या रक्तातून ते बनतं, मुंबईच्या हाफकिनमध्येही बनत आलं आहे, आणि सरकारी दवाखान्यात त्याला पैसे पडत नाहीत. मण्यारीचं सांगितलं. ती रात्री येते, खाली झोपलेल्याला चावते, दुखत जवळजवळ नाही, आणि पहाटे पापण्या मिटायला लागतात. घोणस चावली तर जागा सुजते, हिरड्यांतून रक्त येतं. दोरी आवळायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि १०८ला फोन. विंचवाचंही आलं, आणि मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आले. कोकणातल्या लहान दवाखान्यात काम करताना विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध चालतं हे त्यांनी दाखवून दिलं आणि त्यामुळे पोरं वाचायला लागली. आपल्याच राज्यातल्या खेड्यातल्या डॉक्टरचं नाव परदेशच्या वैद्यकीय नियतकालिकांत छापून येतं, हे ऐकून मागच्या बाकावरचेही सरसावून बसले.

मग कायदा. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी. त्याच्या अनुसूचीत एक बाब नेमकी हीच आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला औषधोपचारापासून अडवणं आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. वर्ग एकदम जिवंत झाला. ‘‘मंग बुवाले जेल होते का?’’ मी म्हटलं, होऊ शकते, पण आपलं काम बुवाला पकडायचं नाही, मोठ्या बाबाला गाडीत बसवायचं आहे.

तेवढ्यात दोनचार कॅथलिकांतला एक हळूच बोलला, ‘‘अन् आमी फादरले बोलावलं त?’’

हा प्रश्न मला वर्षभर पुरला. बाकीच्या मुलांच्या घरचा अंगारा आणि आपल्या घरची प्रार्थना यांना वेगवेगळा न्याय लावायचा मोह ख्रिस्ती माणसाला होतोच. मोठी माणसं तो प्रश्न टाळतात. या पोराने टाळला नाही. मी त्याला बायबलमधल्या सीराखच्या पुस्तकाबद्दल सांगितलं. प्रोटेस्टंटांच्या मराठी बायबलात हे पुस्तक सहसा सापडत नाही, आमच्या कॅथलिक बायबलात आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितलं आहे. औषधं देवानेच जमिनीतून निर्माण केली, शहाणा माणूस त्यांना नाकारत नाही. आजारी पडलास तर प्रार्थना कर, आणि मग वैद्याला त्याची जागा दे. ख्रिस्ताच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी एका ज्यू शिक्षकाने हे लिहून ठेवलं. तेव्हा फादरांना बोलव, मी म्हटलं, पण १०८ला फोन करून झाल्यावर. आणि प्रार्थना ॲम्ब्युलन्समध्ये कर. तिथे वेळ असतो.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली. प्रार्थना मागणाऱ्याला मी एकच विचारते, दवाखान्यात दाखवलं का? नाही म्हणाला तर प्रार्थनेआधी तेवढं ठरतं: कोण नेणार, कधी, कोणत्या गाडीने.

कपाशीवर फवारणीचे दिवस आले की दुसऱ्या प्रकारची नावं येतात. यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या पावसाळ्याअखेर जे झालं ते इथे कोणी विसरलेलं नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो माणसं दवाखान्यांत दाखल झाली, यवतमाळच्या मेडिकलमधले वॉर्ड भरून गेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच यायचा. आमच्या वर्गातली कितीतरी पोरं सुटीच्या दिवशी बापाला पंपात पाणी भरून देतात. मास्क, हातमोजे, चष्मा हे सगळं पुस्तकात लिहिलं आहे. उकाड्यात ते अंगावर ठेवणं किती कठीण आहे हे पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. म्हणून मी पोरांच्या हातात राहील तेवढंच सांगते. वारा पाठीमागून घ्यायचा. झाकण दाताने उघडायचं नाही. फवारणीच्या मध्ये तंबाखू मळायची नाही. घरी आल्यावर आधी साबणाने आंघोळ, ते कपडे वेगळ्या बादलीत, आणि ती बादली आईने हाताने घुसळायची नाही. आणि बापाला घाम-लाळ सुटली, अंधारी आली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जायचं. डबा हातात असला की डॉक्टरला विष कोणतं ते लगेच कळतं. एका मुलीने हे घरी सांगितलं आणि बापाने तिला गप्प बसवलं. दुसऱ्या दिवशी आईने मात्र बादली वेगळी केली. आरोग्य शिक्षणात मी याला पुष्कळ यश मानते.

आता शीर्षकातल्या नियमाकडे येते.

एकदा एका मुलीने उभं राहून मावशीसाठी प्रार्थना मागितली आणि सांगितलं की मावशीला टीबी झाला, ती आमच्याकडेच राहते. मुलांनी प्रार्थना केली, मनापासून केली. दुपारच्या सुट्टीत तिच्या डब्याजवळ कोणी बसलं नाही. कोणी तिला काही बोललंही नाही, नुसतं सरकून बसले. पुढच्या तासाला मी टीबीचं सगळं सांगितलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायची. साधा टीबी असेल तर सहा महिने औषध, तेही सरकारकडून फुकट. योग्य औषध सुरू होऊन दोनेक आठवडे झाले की दुसऱ्याला लागण होण्याचा धोका बराच उतरतो. डब्यातून टीबी जात नाही. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, आता काय करायचं? मला वाटलं मुलं म्हणतील, उद्या तिच्याशेजारी बसू. एक सातवीतली मुलगी म्हणाली, ‘‘देवाले त माहीतच असते काय झालं ते. मंग वर्गाले काहून सांगाचं?’’

इतक्या सोप्या शब्दांत रुग्णाची गोपनीयता मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती. त्या दिवसापासून वर्गाचा नियम झाला: नाव सांगा, आजार नको. ज्याला नावही सांगायचं नसेल त्याने नुसता हात वर करायचा. प्रार्थनेला तेवढं पुरतं. उरलेलं, म्हणजे औषध, तपासणी, पैसा, हे मला बाजूला येऊन सांगायचं. ख्रिस्ती मंडळींत प्रार्थनेच्या नावाखाली किती चघळलं जातं हे ज्याने अनुभवलं असेल त्याला या नियमाची किंमत कळेल. अमकीला गर्भाशयाचं झालंय, प्रार्थना करा. तमक्याचा मुलगा दारू पितो, प्रार्थना करा. आणि संध्याकाळपर्यंत ते निम्म्या वस्तीला ठाऊक झालेलं असतं. देवापर्यंत पोचायच्या आधी ते शेजारणीपर्यंत पोचतं.

सिकलसेलच्या बाबतीत तर हा नियम नसता तर मी तोंडच उघडू शकले नसते. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासींमध्ये आणि काही दलित समाजांत बराच आहे. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही, त्यामुळे घरात तो आहे हे कोणाला कळतच नाही, आणि कळलं की मुलीचं लग्न मोडतं. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. तपासण्या होतात, कार्डं मिळतात. पण ज्या पोराचे हातपाय थंडीत अचानक दुखायला लागतात, त्याला शाळेतून मिळणारी सर्वांत मोठी मदत कुठल्याही मोहिमेत नाही. त्याला तासाला पाणी पिऊ द्या, त्याने पाणी प्यायलं म्हणून त्याला लघवीला जाऊ द्या, थंडीत सकाळी मैदानावर पळायला लावू नका. एवढंच. शाळाशाळांतून मी बघितलं आहे, पोरं पाणी पीत नाहीत, कारण संडासाला कुलूप असतं. मुली तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक घोटही घेत नाहीत.

सिकलसेलच्याच तासाला एका मुलाने विचारलं, असं आईबापाच्या पापाने होतं का? घरी कोणीतरी तसं म्हणालं होतं. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला बघून शिष्य येशूला अगदी हाच प्रश्न विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, आणि येशू म्हणतो, कोणाचंच नाही. जनुकशास्त्रही तेच म्हणतं. मी दोन्ही सांगितलं. कोणतं कोणाला पटलं ते मला माहीत नाही, पण तो मुलगा पुढच्या तासाला पहिल्या बाकावर बसला.

उन्हाळ्याचं थोडक्यात. हगवण-ओकारी, जलसंजीवनी. एक लिटर पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मुलांना मापापेक्षा गोष्ट लक्षात राहिली. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बोनगाव छावणीत पटकी पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून आयाबायांकडूनच पाजवलं, आणि तिथला मृत्युदर शेकडा तिसांवरून शेकडा चारच्या आत आला. ‘‘त्याईनं प्रार्थना केली होती का?’’ एकाने विचारलं. मी म्हटलं, आयांनी केली असेल. चमचा मात्र सोडला नाही.

कॅथलिक मुलांच्या वेगळ्या वर्गात एक विषय वेगळा असतो. आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावण्याचा संस्कार. तो फादरच करतात. तेल पवित्र सप्ताहात बिशपांनी आशीर्वादित केलेलं असतं. पूर्वी तो अगदी मरणाच्या दारातच देत, म्हणून फादर दारात आले की घरात रडारड सुरू व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी त्याचा विधी नव्याने घालून दिला; तो आता गंभीर आजाराच्या, मोठ्या ऑपरेशनच्या, म्हातारपणाच्या वेळीही घेता येतो, पुन्हा पुन्हा घेता येतो. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी मुलांच्या घरी अजून तीच भीती. ‘‘फादर आले म्हणजे संपलं,’’ एक मुलगा म्हणाला. त्याच्या आजोबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फादरांनी भेट दिली तर आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. हसू येतं, पण भीती खरी होती. याकोबाच्या पत्रात हे तेल कशासाठी सांगितलं आहे ते आम्ही वाचलं, आणि मुलांना एवढंच लक्षात ठेवायला सांगितलं की फादर येणं म्हणजे डॉक्टर जाणं नव्हे.

याच्याच दुसऱ्या टोकाला चंगाई सभा. मोठ्या मंडपात, लाउडस्पीकरवर, आंधळे बघू लागले, लंगडे चालू लागले. अशा सभेहून येऊन कोणी शुगरच्या गोळ्या बंद केल्या, हे मी नोकरीत पाहिलं आहे, आणि नंतर पायाला झालेलं गँगरीनही. याबद्दल मी वर्गात गुळमुळीत बोलत नाही. रोमही तसं बोललेलं नाही. २००० साली व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने आरोग्यासाठीच्या प्रार्थनांवर सूचनापत्र काढलं. त्यावर सही कार्डिनल रात्सिंगर यांची, जे पुढे पोप झाले. प्रार्थनेमुळे औषध नाकारलं जात नाही, उलट ते घ्यायला प्रोत्साहनच मिळतं, असा त्याचा रोख आहे. गोळी बंद करायला सांगणारा कोणत्याही धर्माचा असो, तो माझ्या लेखी बुवाच.

सगळ्यांत अवघड तास एका आजीचा होता. आठवडेच्या आठवडे तिचं नाव घेतलं जात होतं. दवाखाना झाला होता, औषध वेळेवर होतं, जे करायचं ते सगळं केलं होतं. ती गेली. नात परत आली तेव्हा तिने मलाच विचारलं, ‘‘आपण एवढी प्रार्थना केली, तरी आजी गेलीच. मंग काय कामाची?’’ वर्गात कोणी हललं नाही. श्रद्धा कमी पडली असं उत्तर लहान मुलाला देणं मला क्रूर वाटतं. ते मी कोणाला देऊ देत नाही. मी सांगितलं की गेथसेमनीच्या बागेत येशूनेही मागितलं होतं की हा प्याला टळो, आणि तो टळला नाही. त्याला जे मिळालं नाही ते आपल्याला प्रत्येक वेळी मिळेलच असं मी तुला कुठल्या तोंडाने सांगू? मग मी तिला विचारलं, शेवटच्या दिवसांत आजीजवळ कोण होतं? ती म्हणाली, मीच रात्री उठून तोंडात पाणी घालत होते. प्रश्नाचं उत्तर त्याने मिळालं असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर ती हात वर करायची थांबली नाही.

आणि काही आजार मुलांना आजार वाटतच नाहीत. ‘‘बाबा बोलतच नाही कोणासंग,’’ असं एकाने मला तासानंतर, वर्ग रिकामा झाल्यावर सांगितलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही तो इथला नव्हे. कर्ज, नापिकी, दारू हे सगळं आहेच. पण न झोपणं, न जेवणं, माणसांत न येणं हा दवाखान्यात दाखवायचा आजार आहे आणि त्याला औषध आहे, हे मोठ्यांनाही ठाऊक नसतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. तो मी मुलांना पाठच करून घेतला. पहिला फोन मात्र पोराने करायचा नसतो. त्याने आईला, काकाला, गुरुजींना सांगायचं, आणि आपण सांगितलं म्हणून घाबरायचं नाही. हे त्याला समजावण्यातच पुढचा सगळा तास गेला.

११ फेब्रुवारीला कॅथलिक जग आजाऱ्यांचा दिवस पाळतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली तो जाहीर केला आणि १९९३ साली फ्रान्समधल्या लूर्दला तो पहिल्यांदा पाळला गेला. शाळेत त्या दिवशी मुलांना दवाखान्यात नेऊन फळं वाटावीत असं दरवर्षी कोणीतरी सुचवतं. मी विरोध करते. वॉर्डात आधीच गर्दी असते, लहान मुलांनी तिथून ताप घरी आणायचा, आणि रुग्णांनी फोटोसाठी उठून बसायचं. आम्ही आपापल्या गल्लीतला एक म्हातारा किंवा म्हातारी धरतो. अर्धा तास बसायचं, हात धुऊन. काय झालं, कसं झालं विचारायचं नाही. आमच्याकडे एकाला असंच झालं होतं आणि तो गेला, हे तर मुळीच सांगायचं नाही. शुगरवाल्याला बिस्किटं न्यायची नाहीत, किडनीवाल्याला शहाळं न्यायचं नाही, त्यातलं पोटॅशियम त्याला सोसत नाही. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून दाखवायचं, कारण बऱ्याच जणांना ते दिसतच नाही. परत आल्यावर मुलं सांगतात, कोणाची गोळी संपली होती, कोणाचा चष्मा फुटला होता. त्या दिवशी प्रार्थनेला सर्वांत जास्त नावं येतात.

तुमची शाळा कोणत्याही बोर्डाची, कोणत्याही धर्माच्या संस्थेची किंवा जिल्हा परिषदेची असो, परिपाठ तर होतोच. त्यात आजारी माणसांसाठी एक मिनिट काढा. मुलांना नाव घेऊ द्या, आजार विचारू नका. दवाखान्यात दाखवलं का, गोळ्या सुरू आहेत का, घरी स्वयंपाक कोण करतं, हे नंतर त्या पोराला बाजूला घेऊन विचारा. संडासाचं कुलूप काढा. आणि फळ्याच्या कोपऱ्यात १०८ आणि १४४१६ हे दोन आकडे लिहून ठेवा, ते पुसू नका.